नाझ्का पद्धतीचं रंगीत भांडं स्वतः कसं घडवायचं: मातीपासून भाजणीपर्यंत

नाझ्का म्हटलं की बहुतेकांना पेरूच्या वाळवंटातल्या त्या अवाढव्य रेघाच आठवतात, माकड, कोळी, हमिंगबर्ड आणि विमानातून काढलेले फोटो. पण त्याच लोकांनी जी रंगीत भांडी केली ती माझ्या मते रेघांपेक्षाही मोठी गोष्ट आहे. चाक नाही, काचेसारखं ग्लेझ नाही, आणि तरी दीड-दोन हजार वर्षांनंतरही लाल लालच आहे, पांढरा पांढराच आहे आणि पृष्ठभागावर चमक आहे. एका भांड्यावर चार-सहा रंग तर नेहमीचेच, काहींवर दहापेक्षाही जास्त छटा मोजता येतात. हे सगळं केलं फक्त मातीने, दगडाने आणि आगीने.

हे भांडं आपल्याला घरी करता येतं का? हो, येतं. वाटी किंवा सरळ पेला तर नक्की येतो. फक्त कामाचा क्रम चुकता कामा नये आणि प्रत्येक टप्प्याला माती किती ओली आहे याकडे लक्ष हवं, बाकी लागणारं सामान अगदी साधं आहे. खाली मी सगळं सविस्तर लिहितोय, जिथे गडबड होते तिथे जास्त लिहिलंय आणि जिथे काही विशेष नाही तिथे उरकलंय.

आधी थोडी ओळख, कारण तंत्र त्यातूनच कळतं

नाझ्का संस्कृती पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरची, इका आणि रिओ ग्रांदे दे नाझ्का या नद्यांच्या खोऱ्यांतली, काळ साधारण इ. स. पू. १०० ते इ. स. ६५०. त्यांच्या आधी त्याच भागात पॅराकस लोक होते. पॅराकसवाले भांड्यावर आधी रेषा कोरायचे, मग भांडं भाजायचे आणि भाजून झाल्यावर त्या कोरलेल्या घरांमध्ये झाडाच्या राळेत कालवलेले रंग भरायचे. दिसायला भडक आणि सुंदर, पण रंग मातीशी एकजीव झालेला नसायचा त्यामुळे तो सहज निघून येतो. नाझ्का कुंभारांनी (बाया होत्या की पुरुष की दोघंही, मी आपलं कुंभार म्हणतो) हा क्रम उलटा केला. रंग म्हणून रंगीत मातीच वापरायची, ती पातळ करून कच्च्या भांड्यावर लावायची, दगडाने घोटायची आणि मग सगळं एकदम भाजायचं. आगीत रंग भांड्याचाच भाग होऊन जातो. आपल्या या अख्ख्या लेखाचा कणा हाच आहे, रंग आगीच्या आधी.

ही भांडी कुठून येतात हे बराच काळ युरोपातल्या संग्रहालयांना नीट माहीत नव्हतं, शेवटी माक्स उले या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १९०१ मध्ये इका खोऱ्यात ओकुकाहे इथे उत्खनन करून ते शोधून काढलं. पुढे लॉरेन्स डॉसन यांनी भांड्यांवरच्या चित्रांच्या शैलीवरून त्यांचे नऊ टप्पे पाडले, आजही अभ्यासक त्याच आकड्यांनी बोलतात. सुरुवातीच्या टप्प्यांत चित्रं सुटसुटीत, मासा म्हणजे मासा, शेंग म्हणजे शेंग. पाचव्यापासून बदल सुरू होतो आणि सहा-सातमध्ये आकृत्यांना इतके काटे, वळसे आणि फुलोरे फुटतात की मूळ प्राणी शोधावा लागतो. नवशिक्याने सुरुवातीच्या टप्प्यांचीच चित्रं घ्यावीत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. केविन वॉन यांनी मार्काया नावाच्या छोट्या खेड्यात उत्खनन केलं तेव्हा साध्या घरांमध्येही चांगली रंगीत भांडी सापडली, म्हणजे हे काम फक्त राजे-पुजाऱ्यांसाठी नव्हतं, शेतकऱ्याच्या घरातही असा पेला असायचा.

पायरी १: बघून घ्या, नुसतं ओझरतं नाही

लिमाच्या लार्को म्युझियमचा कॅटलॉग ऑनलाइन फुकट बघता येतो, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवरही नाझ्का भांडी आहेत. निदान वीसेक भांडी शांतपणे बघा. बघताना चित्र काय आहे यापेक्षा हे बघा: काळी रेघ रंगाच्या वर आहे की खाली, पार्श्वभूमी पांढरी आहे की गडद लाल, चमक सगळीकडे सारखी आहे की घोटल्याचे पट्टे दिसतात, बुड रंगवलंय की कोरं आहे. झूम करून बघितलं की लक्षात येतं की बहुतेक ठिकाणी आधी सपाट रंग भरलाय आणि मग काळ्या रेघेने कडा बांधल्यात, आणि या रेघेमुळेच रंगाची थोडी हललेली कड झाकली जाते.

दोन नळ्या आणि मधे पट्टीसारखा पूल असलेली ती प्रसिद्ध बाटली बघून मोह होणारच. पण पहिल्या भांड्याला ती नको. नळ्या आणि पोट वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि सांध्यावर भेग जाते. पहिलं भांडं म्हणून तळहातात मावेल अशी वाटी किंवा सरळ उभ्या भिंतीचा पेला घ्या, हे दोन्ही आकार नाझ्का लोकांचेच आहेत आणि रंगवायला सलग जागा मिळते.

पायरी २: माती

सगळ्यात सोपं म्हणजे जवळच्या कुंभाराकडून मळलेली लाल माती दोन-तीन किलो आणा, मुंबईकरांना धारावीचा कुंभारवाडा आहेच, नाहीतर पॉटरी स्टुडिओत टेराकोटा क्ले मिळते. शेतातली काळी माती घेऊ नका, ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना इतकी आक्रसते की भांडं फाटतंच. शिवाय आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते भाजताना चुना होतात आणि नंतर हवेतली ओल शोषून फुगतात, मग चांगलं निघालेलं भांडं आठवड्याभराने टवके उडून खराब होतं. शाडूची मातीसुद्धा या कामाला नको, ती न भाजायच्या मूर्तींसाठी ठीक.

माती आणली की थोडी पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळा, खडे जातील. मग त्यात जुन्या कौलाचा किंवा फुटक्या माठाचा बारीक कुटून चाळलेला चुरा मिसळा, दहा भाग मातीला साधारण एक भाग. या चुऱ्याने माती कमी आक्रसते आणि आत अडकलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. नाझ्काच्या चांगल्या भांड्यांची माती बारीक आणि एकसारखी असते, त्यामुळे चुरा जाडसर ठेवू नका, नाहीतर घोटताना दगडाखाली कण येऊन ओरखडे पडतात.

मळायचं भरपूर. गोळा कापून बघा, आत हवेची छिद्रं दिसली तर अजून मळा. मग ओल्या फडक्यात गुंडाळून दोन-चार दिवस ठेवली तर अजून छान वागते.

पायरी ३: आकार, चाकाशिवाय

अँडीजमध्ये युरोपियन येईपर्यंत कुंभाराचं चाक नव्हतं. ही उणीव अजिबात नाही हे हाताने काम केलं की कळतं, कारण चाकावर भिंत गोल आणि सारखी करायची सक्ती असते आणि हाताने तुम्हाला चेहऱ्याच्या आकाराचं, पक्ष्याच्या आकाराचं, कसलंही भांडं करता येतं. ते लोक भांडं एखाद्या उथळ ताटलीवर ठेवून हळूहळू फिरवत काम करायचे, आपणही स्टीलच्या ताटलीवर ओलं फडकं टाकून त्यावर बसवायचं, बस्स.

बुडासाठी एका छोट्या वाटीत आतून फडकं लावा आणि मातीची पोळी दाबून बसवा. तिची कड ओरखडून ओली करा. आता करंगळीएवढ्या जाडीची वळी करा, गोल फिरवून कडेवर बसवा आणि आतून-बाहेरून बोटाने माती ओढून सांधा पूर्ण मिटवा. सांधा दिसत नाही म्हणजे मिटला असं नाही हं, तो दाबून मिटवावा लागतो. दोन-तीन वळ्या झाल्या की थांबा, अर्धा तास खालचा भाग घट्ट होऊ द्या, मग पुढच्या वळ्या. घाईने सगळी उंची एकदम चढवली की भांडं स्वतःच्या वजनाने बसतं.

उंची झाल्यावर भिंत साधारण पाच मिलिमीटरपर्यंत खरवडून पातळ करा. याला नारळाच्या करवंटीचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा अप्रतिम चालतो. अयाकुचोजवळच्या कोंचोपाता या वारी संस्कृतीच्या ठिकाणी कुंभारांची हत्यारं सापडलीत, त्यात खरवडायची हत्यारं आणि घोटायचे दगड आहेत, म्हणजे आपण जे करतोय ते काही फार वेगळं नाही.

उत्तर पेरूत मोरोपे आणि सिम्बिला या गावांमध्ये अजूनही लाकडी थापीने बाहेरून थोपटून आणि आतून गोटा धरून भांडी मोठी करतात, आपल्याकडचे कुंभार माठाचं पोट असंच थोपटून वाढवतात. दोन्हीकडच्या लोकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, मातीनेच दोघांना ते शिकवलं असणार. ज्यांना थापी वापरता येते त्यांनी बिनधास्त वापरा.

साच्याचं म्हणाल तर तो रस्ता उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांचा, दोन अर्धे साचे करून माती दाबायची आणि जोडायचं. त्यांनी त्यातून माणसांचे इतके जिवंत चेहरे काढलेत की बघत राहावं, पण रंग मुख्यतः दोनच, दुधाळ पांढरा आणि लाल. आपल्याला रंगांचं काम करायचंय म्हणून आपण दक्षिणेतच थांबू.

पायरी ४: रंग तयार करणं

ही पायरी लोक सगळ्यात हलक्यात घेतात, दुकानातला पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक आणतात आणि मग आगीत सगळं जळून जातं. इथे रंग म्हणजे रंगीत माती, पाण्यात कालवलेली. तीन मूळ रंग करा, बाकी सगळे त्यातून निघतात.

पांढरा: चायना क्ले आणि बॉल क्ले अर्धी-अर्धी. नुसत्या चायना क्लेचा थर कमी तापमानाला भांड्याला नीट धरत नाही, पावडरसारखा सुटतो, म्हणून बॉल क्ले हवीच.

लाल: तुमचीच लाल माती दहा भाग आणि शुद्ध गेरू दोन-तीन भाग. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, नाझ्काचा लालही लोहाचाच. बाजारातल्या गेरूत कधीकधी खडूची भेसळ असते, तर आधी तुकड्यावर भाजून बघा.

काळा: लाल माती दहा भाग, मँगनीज डायऑक्साइड दोन-तीन भाग आणि थोडा गेरू. नाझ्काच्या काळ्या रेघाही मँगनीजच्याच आहेत. ही पावडर श्वासात जाणं वाईट, म्हणून मास्क लावूनच मोजायची, सुकी उडवायची नाही, मुलांच्या हातात द्यायची नाही आणि स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरायची नाहीत. हे मी मनापासून सांगतोय, कृपया टाळू नका.

आता मिसळा. पांढऱ्यात थोडा लाल म्हणजे गुलाबी, पांढऱ्यात थोडा काळा म्हणजे राखाडी, लालमध्ये जरा काळा म्हणजे जांभळट तपकिरी, पांढऱ्यात साधी लाल माती थोडी घातली की बदामी. सहा-सात छटा सहज होतात. पिवळ्याचं मात्र सांभाळा, दुकानातली पिवळी माती म्हणजे रामरज कच्ची असताना सुंदर पिवळी असते पण आगीत तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते. ज्यांना पिवळसर हवं त्यांनी पांढऱ्यात अगदी चिमूटभर लाल माती टाकून भाजून बघत बघत जमवावं.

प्रत्येक रंग भरपूर पाण्यात कालवा, त्यात अगदी थोडा सोडा ॲश टाका, साधारण लिटरला अर्धा चमचा, आणि हलवून एक दिवस तसाच ठेवा. सोड्याने बारीक कण वर तरंगत राहतात आणि जाड कण खाली बसतात. वरचा रंगीत भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खालचा गाळ टाकून द्या. काळ्याला मात्र हे करू नका, मँगनीज जड असतं, ते गाळातच राहील, तो खलबत्त्यात ओला घोटून तसाच वापरायचा (खलबत्ता वेगळा ठेवायचा, स्वयंपाकाचा नाही). वरचं पाणी थोडं आटवून रंग पातळ ताकाइतका झाला की तयार.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मातीच्या छोट्या चकत्या करून प्रत्येक रंग त्यावर लावा आणि भाजून घ्या. कच्चा रंग आणि भाजलेला रंग यांचा काही संबंध नसतो. मागे नंबर कोरा, वहीत प्रमाण लिहा. जुन्या कुंभारांकडे पिढ्यांची आठवण होती, आपल्याकडे वही आहे.

पायरी ५: रंगवणं

भांड्यावर नख दाबलं तर खूण उमटते पण भिंत वाकत नाही, ही वेळ. जास्त ओलं असेल तर ब्रशबरोबर माती उचलली जाते, जास्त सुकलं असेल तर रंगाचा थर नंतर पापुद्र्यासारखा सुटतो कारण भांडं आक्रसून झालेलं असतं आणि रंग अजून आक्रसायचा असतो.

आधी सगळीकडे पार्श्वभूमी, पांढरी किंवा गडद लाल. पातळ तीन हात द्या, आधीच्या हाताची ओली चमक गेली की पुढचा. बुड कोरं ठेवा. मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या, ताठ ब्रशने रेघा उठतात आणि त्या घोटून जात नाहीत.

मग चित्र. पेल्याभोवती दोरा गुंडाळा, तो काढून तीनदा दुमडा, आठ सारखे भाग मिळतात, त्या खुणा खाण्याच्या रंगाच्या पाण्याने भांड्यावर करा, आगीत त्या निघून जातात. पहिल्यांदा शेंगा किंवा मिरच्या काढा. नाझ्का लोक शेतकरी होते, वाळवंटात पाणी आणून पिकवणारे, त्यामुळे त्यांच्या भांड्यांवर पावट्यासारख्या मोठ्या शेंगा, मिरच्या, मका, कंदमुळं ओळीने येतात. आणि मिरची तर आपल्याकडे तिकडूनच आलीय, पोर्तुगीजांच्या जहाजांतून, म्हणून मला मराठी हाताने नाझ्का पेल्यावर मिरची काढणं फार योग्य वाटतं. हात बसला की हमिंगबर्ड, मासे, मग किलर व्हेल. तो मिशांसारखा सोन्याचा मुखवटा आणि कपाळपट्टी घातलेला देवमाणूस शेवटी, त्याच्यात बारकावे फार आहेत आणि अर्थही खोल आहे, तो समजून घेऊनच काढावा असं मला वाटतं. कापलेल्या मुंडक्यांची चित्रंही पुष्कळ दिसतील, ओठ काट्यांनी टाचलेली. ती त्यांच्या धर्माचा आणि लढायांचा भाग होती. नुसती सजावट म्हणून उचलू नका.

रंग भरताना आधी सगळे सपाट भाग भरा, मग ते सुकून मॅट झाले की काळी रेघ. बारीक लांब केसांचा ब्रश, रंग जरा पातळ, आणि मनगट टेकवून ठेवून भांडं फिरवायचं, हात नाही. ताटली इथे परत कामाला येते. रेघ थोडी कमी-जास्त जाड झाली तर खोडू नका, मूळ भांड्यांवरही ती तशीच आहे.

पायरी ६: घोटणं

चमक इथून येते, ग्लेझमधून नाही. घोटताना मातीचे चपटे कण दाबले जाऊन एका पातळीत आडवे बसतात आणि प्रकाश एकसारखा परततो, एवढंच त्यामागचं शास्त्र.

दगड गुळगुळीत हवा, एकही ओरखडा नसलेला. आपण या बाबतीत नशीबवान आहोत, दख्खनच्या काळ्या खडकात अकीक तयार होतो आणि नद्यांच्या पात्रात त्याचे गोटे मिळतात, गोदावरी-भीमेच्या काठी फिरताना डोळे उघडे ठेवा. नाही मिळाला तर स्टीलच्या चमच्याची पाठ.

वेळ अशी: रंग बोटाला लागत नाही पण भांडं अजून गार लागतं. छोटे छोटे गोल घेत, हलक्या हाताने. मोकळ्या पार्श्वभूमीवर जोर चालतो, पण काळ्या रेघेवर आडवं घासायचं नाही, रेघेच्या दिशेने जायचं, नाहीतर काळा पांढऱ्यात ओढला जातो. दगडाला माती चिकटायला लागली म्हणजे भांडं ओलं आहे, थांबा. दगड करकर आवाज करायला लागला म्हणजे फार सुकलं, मग अगदी किंचित खोबरेल बोटाला लावून तो भाग पुसा आणि पुढे चला. एकदा पूर्ण झालं की काही तासांनी दुसरा हात. शेवटी अंगठ्यावर मऊ प्लास्टिकची पिशवी ताणून सगळीकडे फिरवा, चमक खुलते. यात एका छोट्या पेल्याला अख्खी दुपार जाते, जाऊ द्या.

पायरी ७: वाळवण

सावलीत, वारा लागणार नाही अशा ठिकाणी, पहिले दोन दिवस सैल प्लास्टिकखाली, मग उघडं. उलटं-सुलटं करत राहा. दहा-पंधरा दिवस धरा, पावसाळ्यात आणि कोकणात अजून जास्त. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे.

पायरी ८: भाजणी

दोन रस्ते आहेत. शहरात असाल तर स्टुडिओची इलेक्ट्रिक भट्टी, ८५० अंश सेल्सियसच्या आसपास भाजायला सांगा. त्यांचा नेहमीचा बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) हजारच्या आसपास असेल तर आधीच बोलून घ्या, कारण तितक्या तापमानाला घोटलेली चमक मरते. ६०० पर्यंत हळू चढवायला सांगा, या टप्प्यात मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि ५७३ अंशाला मातीतलं क्वार्ट्झ अचानक फुगतं, झपाट्याने तापवलं किंवा गार केलं तर भेग ठरलेली.

दुसरा रस्ता उघड्या आगीचा, शेतावर किंवा मोकळ्या जागी. गच्चीवर किंवा बिल्डिंगच्या आवारात अजिबात नाही. सुका दिवस, वारा नको, आजूबाजूचं गवत काढलेलं, पाण्याच्या बादल्या भरलेल्या, अंगावर सुती कपडे.

भांडी आधी घरच्या ओव्हनमध्ये शंभर अंशाच्या खाली दोन तास आणि मग थोडं वर अजून एक तास तापवा, नाहीतर आगीच्या भोवती कडेला ठेवून फिरवत राहा. कितीही वाळलेलं वाटलं तरी हे करायचंच, उघड्या आगीत भांडं फुटतं ते नव्वद टक्के वेळा वाफेमुळे असं मी म्हणेन. जमिनीवर विटा किंवा खापरांचा थर, त्यावर भांडी, आणि भांड्यांवर मोठ्या खापरांची झाकणं अशी रचा की गोवरी थेट रंगाला टेकणार नाही पण हवा खेळती राहील. भोवती आणि वर गोवऱ्या, फटींमधे काटक्या. बाहेरून पेटवा आणि हळूहळू आत येऊ द्या. पहिला तास मंद, मग वाढू द्या. अंधार पडायच्या वेळेला पेटवलं तर खापरांच्या फटीतून भांडं लालभडक झालेलं दिसतं, तो रंग आला की तापमान पुरेसं झालं.

हवा का महत्त्वाची ते सांगतो. हवा मिळाली की लोह लाल होतं. हवा कोंडली, धूर अडकला की तेच लोह काळपट होतं आणि काजळी मातीत शिरते. उत्तर किनाऱ्यावरच्या चिमू लोकांनी नेमकं तेच मुद्दाम केलं, आग झाकून भांडी काळी चकचकीत केली, ती पण अप्रतिम आहेत. पण नाझ्काचा रंग हवा असेल तर आग मोकळा श्वास घेणारी हवी. शेवटी राख टाकून विझवायचं नाही, पाणी तर नाहीच. रात्रभर तसंच सोडा, दुसऱ्या दिवशी हाताला पूर्ण गार लागलं की काढा.

कुठे काळा डाग पडला असेल तर तिथे गोवरी टेकली होती. रंगाचा पापुद्रा निघाला तर तो लावताना भांडं जास्त सुकलं होतं. काठावरून खाली सरळ भेग म्हणजे काठ बुडापेक्षा फार लवकर वाळला. आडवी भेग वळीच्या सांध्यावर असते. गोल चकतीसारखा तुकडा उडाला तर आत वाफ किंवा हवा होती. प्रत्येक फुटलेला तुकडा नीट बघून ठेवा, बाकीचा कुटून पुढच्या मातीत चुरा म्हणून जाईल.

जोडीला एक वेगळा प्रयोग: आंब्याच्या पानांचा धूर

हे नाझ्काचं नाही, पेरूच्या उत्तरेकडच्या चुलुकानास गावचं आहे, पण महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या भागातल्या प्राचीन विकुस भांड्यांवर उलट्या पद्धतीची नक्षी असते, म्हणजे आकृती रंगवायची नाही तर झाकायची आणि आजूबाजूचं काळं करायचं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या कुंभारांनी हे तंत्र पुन्हा उभं केलं आणि धुरासाठी ते आंब्याची वाळलेली पानं जाळतात. आंबा तिकडे अर्थातच मागाहून पोचला, आपल्या बाजूने.

करायचं असं: एकदा भाजलेलं फिकट रंगाचं, घोटलेलं भांडं घ्या. ज्या भागाला काळं व्हायचं नाहीये तिथे दाटसर चिखल ब्रशने लावा आणि सुकू द्या. पत्र्याच्या डब्यात खाली आंब्याची सुकी पानं, त्यावर जाळी, जाळीवर भांडं, पानं पेटवून वर झाकण, थोडी फट ठेवून. उघड्यावर करा, धूर खूप होतो. गार झाल्यावर चिखल धुऊन टाका, खालून मूळ रंग आणि बाजूला तपकिरी-काळा. दोन-तीनदा वेगवेगळे भाग झाकून केलं तर मधल्या छटाही मिळतात. कोकणात पानांना काय तोटा नाही, आणि हे नाझ्का पेल्यापेक्षा कितीतरी लवकर होतं, त्यामुळे मुलांबरोबर करायला (आग मोठ्यांनी सांभाळून) हे जास्त बरं.

भांडं झाल्यावर

यात ग्लेझ नाही, त्यामुळे पाणी झिरपणार, आणि मँगनीज आहे, त्यामुळे खायला-प्यायला वापरू नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, साबण नको. फार तर मेणाचा अगदी पातळ हात देऊन घासा, रंग खुलतात.

बुडावर, रंग नसलेल्या जागी, कच्चं असतानाच तुमचं नाव आणि साल कोरा. हे मी आग्रहाने सांगतोय. नाझ्काची अख्खी भांडी बहुतेक थडग्यांतून आलेली आहेत आणि त्यातली असंख्य चोरट्या खोदकामातून, वाळवंटात फोडलेल्या थडग्यांचे खड्डे अजून तसेच दिसतात. थडग्यातून उचललेलं भांडं किती सुंदर असलं तरी ते कुठल्या वयाच्या माणसाबरोबर, कशाशेजारी ठेवलं होतं हे कायमचं गेलेलं असतं. पेरूच्या कायद्याने अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत, २००४ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यात ते स्पष्ट आहे, तेव्हा ऑनलाइन कुणी अस्सल नाझ्का म्हणून विकत असेल तर घेऊ नका, खरं असेल तर चोरीचं आणि खोटं असेल तर फसवणूक. आणि तुमचं भांडं उद्या कुणाच्या हातात गेलं तर ते जुनं म्हणून विकता येऊ नये, म्हणून नाव आणि साल.

पहिला पेला नीट निघाला की तोच आकार परत करा, फक्त पार्श्वभूमी बदलून, पांढरी केली असेल तर आता गडद लाल. लालवर पांढरा रंग झाकायला जास्त हात लागतात आणि काळी रेघ कमी उठून दिसते, त्यामुळे रंगांची निवडच बदलावी लागते. दोन-तीन पेले झाले की मग दोन नळ्यांच्या बाटलीकडे वळा: पोट बंद घुमटासारखं मिटवायचं, नळ्या पेन्सिलीवर माती गुंडाळून वेगळ्या करायच्या, पोट आणि नळ्या एकाच ओलाव्याला आल्या की पोटाला भोकं पाडून जोडायच्या आणि पूल सगळ्यात शेवटी, सांध्यांवर ओलं फडकं ठेवून दोन दिवस जास्त वाळवायचं.